कुडाळात राहायचं तर रिमोट नोकरी कुठल्या शहरात शोधायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कुडाळजवळच्या एका वाडीतले. सहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस सक्तीचं. वडिलांची बायपास झालीय, घरी आई-वडील दोघंच आणि काजूच्या बागेकडे बघायला कोणी नाही. ते लिहितात, ‘नोकरीच्या साइटवर रिमोट टाकून शोधलं की बंगळुरूच्या नावाने खंडीभर जागा दिसतात. पुण्याच्या त्याहून कमी, मुंबईच्या आणखी कमी, रत्नागिरी-सिंधुदुर्गात शून्य. तर वर्षभर बंगळुरूला जाऊन तिथली रिमोट नोकरी पकडावी आणि मग गावी यावं का?’

उत्तर आधी सांगून टाकते. जाऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. का नको, ते सांगायला जरा वेळ लागेल, आणि दोन-तीन ठिकाणी ‘हे तुमच्या परिस्थितीवर आहे’ असंही म्हणावं लागेल. मी सतरा वर्षं कंपन्यांसाठी माणसं भरती करते. पहिली बारा पुण्या-मुंबईत गेली, पुढची पाच रत्नागिरीतल्या घरातून. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. घरून करायच्या नोकऱ्या कुठल्या शहरात जास्त, हा एक. कुडाळात राहून कुठली नोकरी टिकेल, हा दुसरा. तुम्ही विचारलाय पहिला, पण झोप उडवलीय दुसऱ्याने.

आधी त्या खंडीभर जागांचं बघू. जागा रिमोट असली तरी साइटवर शहराचा रकाना बहुतेक वेळा भरावाच लागतो. भरती करणारा तिथे कंपनीचं मुख्य ऑफिस टाकतो, किंवा जिथून अर्ज भरपूर येतील ते शहर. मी स्वतः एकच जागा पाच शहरांच्या नावाने टाकलेली आहे, आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत. शिवाय बंगळुरूत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्याच देशात सर्वांत जास्त, त्यामुळे तिथे प्रत्येक प्रकारच्या जागा जास्त दिसणार, ऑफिसात रोज बोलावणाऱ्यासुद्धा. बघायचं असेल तर शंभर जाहिरातींत रिमोट किती ते बघा, नुसता आकडा नको. आणि साधी गोष्ट, ‘बंगळुरू, रिमोट’ अशी जागा खरोखर रिमोट असेल तर ती कुडाळातूनही मिळते. ती मिळवायला बंगळुरूत भाड्याने राहावं लागत असेल तर ती रिमोट नव्हेच.

तरीही शहराशहरांत फरक आहे. तो कुठून येतो हे कळलं की जाहिरात वाचायची नजर बदलते. शहराच्या स्वभावाशी त्याचा फार संबंध नाही. तिथे कुठला धंदा आहे आणि माणूस कुठे बसावा हे ठरवण्याचा हक्क कोणाकडे आहे, यावर तो ठरतो. बंगळुरूत स्वतःचं उत्पादन बनवणाऱ्या कंपन्या आणि स्टार्टअप पुष्कळ. तिथे निर्णय दोन-चार संस्थापक घेतात, काहींची टीम पहिल्या दिवसापासून विखुरलेली असते. खरी रिमोट जागा सापडण्याची शक्यता अशा ठिकाणी जास्त. पण त्याच शहरात परदेशी कंपन्यांची मोठाली केंद्रंही आहेत. त्यांचा नियम सातासमुद्रापलीकडे ठरतो. तिकडच्या साहेबाने आठवड्याला तीन दिवस म्हटलं की इकडचा मॅनेजर कितीही भला असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही. हैदराबादेत अशा कंपन्यांचे मोठे कॅम्पस आहेत. एवढी इमारत उभी केल्यावर ती रिकामी ठेवायला कोणाला आवडेल?

पुण्याचं तुम्हाला मी काय सांगणार. पण एक गोष्ट आतून नीट दिसत नाही. पुण्यात सेवा देणाऱ्या आयटी कंपन्या आणि वाहन उद्योगाशी जोडलेलं काम यांचा वाटा मोठा आहे. सेवा कंपनीत माणूस कुठे बसेल हे बऱ्याचदा क्लायंटच्या करारात लिहिलेलं असतं. वाहनांच्या सॉफ्टवेअरची टेस्टिंग करणाऱ्याला समोर यंत्र लागतं, आणि ते काही कोणी कुडाळच्या पडवीत आणून ठेवणार नाही. मुंबईत बँका, विमा, शेअरबाजार. ग्राहकांचा पैसा आणि माहिती हाताळणारी कामं बाहेर सोडायला तिथे नियम आणि भीती दोन्ही आड येतात. मात्र मुंबईतच सबटायटल, भाषांतर, डिझाइन, जाहिरातीचा मजकूर अशी फुटकळ वाटणारी कामं निघतात, आणि ती मालवण-देवगडला बसून करणारी माणसं मला माहीत आहेत. रत्नागिरी-कुडाळच्या एमआयडीसीत रिमोट शून्य का, तर तिथे मालक स्वतः कारखान्यात असतो आणि कामही हाताने करायचं असतं. त्यात नवल नाही.

सरकारी नियमांचाही थोडा हात आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटर आणि तशा सेवांवरची नोंदणीची अट काढली आणि घरून काम करणं सोपं केलं. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्यांसाठी घरून कामाचा वेगळा नियम आला, आधी निम्म्या कर्मचाऱ्यांपुरता, पुढे सैल झाला. म्हणजे कायद्याने दार बंद केलेलं नाही. २०२३ पासून ते कंपन्यांनीच हळूहळू ओढून घेतलं. टीसीएसने त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून पाचही दिवस बोलावलं, विप्रोने नोव्हेंबरपासून आठवड्याला तीन दिवस, इन्फोसिसने त्याच सुमारास खालच्या-मधल्या स्तरांना महिन्याला दहा दिवस. २०२१ मध्ये गावी आलेला तुमचा मित्र ‘मला तर सहज मिळालं’ म्हणत असेल तर त्याचा अनुभव खरा आहे, पण तो त्या वर्षाचा आहे.

यांतली शेवटची दोन नावं एका कारणासाठी घेतली. हायब्रिड, म्हणजे काही दिवस ऑफिस आणि काही दिवस घर, हा शब्द तिथे किती वेगळ्या अर्थाने वापरला जातो बघा. आठवड्याचे दिवस मोजणारी कंपनी आणि महिन्याचे दिवस मोजणारी कंपनी, यांत पुण्यात वाकड-हिंजवडीला राहणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. कोकणात राहणाऱ्याला सगळाच पडतो. महिन्याला दहा दिवस म्हणजे, सलग भरायची मुभा असेल तर, दोन आठवडे पुण्यात मित्राच्या खोलीवर आणि बाकीचे दिवस घरी. वडिलांचं औषधपाणी, काजूच्या हंगामात सकाळची फेरी, सगळं बसतं. आठवड्याला दोनच दिवस म्हणजे महिन्याला आठ. आकडा कमी, पण कुडाळहून अशक्य. तुम्ही ‘किती दिवस’ विचारताय. त्याबरोबर ‘दिवस कसे मोजता आणि एकत्र भरता येतात का’ हे विचारा. मुलाखतीत हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मी ज्यांच्यासाठी भरती करते त्यांतल्या बऱ्याच एचआरना त्याचं उत्तर त्या क्षणी माहीतही नसतं. त्यांना विचारून सांगू द्या. लेखी आलं तर उत्तम.

आता अंतराचं. कोकण म्हणून एकच हिशेब करता येत नाही. अलिबागचा माणूस मांडव्याहून रो-रो बोटीने मुंबई गाठतो. पेण-पनवेलकडच्यांना जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे. त्यांना आठवड्याला दोन-तीन दिवस मुंबई जमते, दमणूक होते एवढंच. महाड, खेड, चिपळूणच्या माणसाला आठवड्यातून एक खेप, तीही मुक्काम धरून. रत्नागिरीपासून खाली आलं की महिन्याचीच भाषा करावी लागते. कुडाळहून मुंबईला निदान रात्रीच्या गाड्या आहेत. पुण्याला म्हणजे घाट चढून कोल्हापूरमार्गे बस, आणि पावसात कुठला घाट कधी बंद होईल ते घाटच जाणे. वंदे भारतचं कौतुक आहे, पण ती कणकवलीला थांबते आणि पावसाळी वेळापत्रकात आठवड्याला तीनच दिवस धावते. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ऑफिसने ‘सोमवारी या’ असं गुरुवारी कळवलं तर तिकीट कुठून आणणार?

एक गंमत मात्र तुमच्या बाजूची आहे. गोव्यातलं मोपा. कुडाळहून गाडीने दीड तासाच्या आतबाहेर विमानतळ, आणि तिथून बंगळुरू-हैदराबादला थेट विमानं. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ घराजवळ आहे खरा, पण तिथली उड्डाणं इतकी सुरू-बंद झालीत की त्यावर नोकरी बांधू नये. तर तीन महिन्यांतून एकदा चार दिवस बोलावणारी बंगळुरूची कंपनी तुम्हाला आठवड्यातून तीनदा बोलावणाऱ्या पुण्यापेक्षा जवळची आहे. नकाशावर उलटं दिसतं. सावंतवाडी-बांद्याकडच्यांना पणजी-पर्वरीची हायब्रिड नोकरीसुद्धा जमू शकते, कुडाळहून ती जरा ताणाची. गोव्यात जागा कमी आहेत, पगारही बेताचे, तरी नजर ठेवायला हरकत नाही.

इथे मला माझी एक चूक सांगावीशी वाटते. रत्नागिरीला आल्यावर पहिल्याच वर्षी एका कंपनीसाठी मी सहा माणसं भरली. पूर्ण रिमोट म्हणून. सगळी किनाऱ्यावरच्या गावांतली, एक मुलगी तर गुहागरजवळच्या वाडीतून काम करायची आणि टीममध्ये सगळ्यांत नेटकी होती. आठ महिन्यांनी मेल आला, पुढच्या महिन्यापासून आठवड्याला तीन दिवस ऑफिस. पत्रं उघडून पाहिली तर कामाच्या ठिकाणासमोर ‘कंपनी वेळोवेळी ठरवेल ते’. रिमोट हा शब्द जाहिरातीत होता, मुलाखतीत होता, माझ्या तोंडी होता. पत्रात कुठेच नव्हता. आणि ते वाक्य मी पुण्यात असताना स्वतः कितीतरी नेमणूक पत्रांत डोळे झाकून घातलेलं. सहापैकी दोघांनी राजीनामा दिला, तिघं शहरात परतले. गुहागरच्या मुलीला तिच्या मॅनेजरने भांडून सवलत मिळवून दिली, कारण तिच्याशिवाय त्याचं अडत होतं.

त्यातून मी दोन गोष्टी शिकले. ऑफर लेटरमध्ये कामाचं ठिकाण म्हणून तुमच्या गावाचं नाव लिहून मागा. सगळे देणार नाहीत. पण विचारल्यावर समोरचा कसा बोलतो त्यावरून पुष्कळ कळतं. ‘सध्या तरी रिमोटच आहे’ यातलं ‘सध्या तरी’ ऐकायला शिका. दुसरं, तुमच्या टीममधले बाकीचे कुठे बसतात ते विचारा. दहापैकी नऊजण एकाच मजल्यावर आणि तुम्ही एकटे कुडाळात, तर नियम बदलला नाही तरी तुम्ही हळूहळू बाजूला पडता. चहाच्या टपरीवर ठरलेलं तुम्हाला चार दिवसांनी समजतं. मॅनेजर स्वतः दुसऱ्या गावी बसत असेल तर ती जागा सोन्यासारखी समजा.

याच कारणाने तुमची सगळ्यात चांगली संधी बंगळुरूत नाही. ती तुम्ही आज बसलाय त्या खुर्चीत आहे. सहा वर्षांची ओळख कुठलीही नवी कंपनी पहिल्या दिवशी देणार नाही. नव्या माणसाला लांब बसवायला सगळे बिचकतात, जुन्याला गमवायलाही बिचकतात. मॅनेजरशी बोला, पण ‘मला रिमोट हवंय’ असं नको. ठोस मांडा. आठवड्याला तीन दिवसांऐवजी महिन्यातला एक पूर्ण आठवडा मी पुण्यात असेन, रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर पडायच्या, वेळी आणखी येईन, तीन महिने करून बघू. वडिलांची फाइल सोबत ठेवा, त्यात कमीपणा नाही. वैद्यकीय कारणाने दिलेली सवलत मॅनेजरला वर समजावून सांगायला सोपी जाते.

इथे तुमच्या टेस्टिंगचा प्रकार कळायला हवा होता, तो तुम्ही लिहिलेला नाही. बँकेच्या प्रोजेक्टवर असाल आणि क्लायंटच्याच नेटवर्कमधून काम करावं लागत असेल, तर त्या प्रोजेक्टवर राहून काही होणार नाही, आधी प्रोजेक्ट बदलून घ्या. हाताने टेस्टिंग करत असाल तर खरं सांगते, रिमोटच्या बाजारात त्या कामाला गर्दी फार आणि भाव कमी. ऑटोमेशन, म्हणजे प्रोग्रॅम लिहून टेस्टिंग करणं, येत असेल, वेबवरच्या उत्पादनावर काम केलं असेल, तर तुमचा अर्ज मी स्वतः वरच्या गठ्ठ्यात ठेवेन. बंगळुरूला जाऊन घालवायचं ते वर्ष हे शिकण्यात गेलं तर जास्त कामी येईल.

परदेशी कंपनीचं कंत्राटी काम हा आणखी एक रस्ता तुमच्या डोक्यात असणार. पैसे बरे मिळतात. पण वडिलांची बायपास झालेली आहे हे विसरू नका. नोकरीबरोबरच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील असतील, तर तो विमा सोडून बाहेर नवा काढायला गेल्यावर काय सांगतात ते आधी विचारून या. कंत्राटात विमा, पीएफ, ग्रॅच्युइटी काहीच नसतं. तुमच्या जागी मी असते तर निदान दोन वर्षं तरी या वाटेला गेले नसते. पगाराचंही एक ध्यानात ठेवा, काही कंपन्या पत्ता गावचा झाला की पगाराची पुन्हा आखणी करतात. आणि स्वतःच्या घरात राहिल्यावर घरभाड्याची करसवलत घेता येत नाही.

राहिलं घर. मुलाखत घेणारा ‘इंटरनेट कसं आहे’ विचारतो तेव्हा त्याला वेग नको असतो, भरवसा हवा असतो. दोन कंपन्यांचं फायबर घेतलं म्हणून निश्चिंत राहू नका. दोन्ही वायरी एकाच पोलवरून येत असतील तर त्या पोलवर माड पडला की दोन्ही गेल्या. एक फायबर आणि एक वेगळ्या टॉवरचा मोबाइल डेटा, ही जोडी बरी. राउटरला छोटा स्वतंत्र बॅकअप लावा, लाइट गेल्यावर इनव्हर्टरवर जाताना तो क्षणभर बंद पडला की तुमचा कॉल तुटतो. मोबाइलचा टॉवरही बॅटरीवरच तग धरतो. लाइट दुसऱ्या दिवशीही आली नाही तर सिग्नलही जातो. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आपल्याकडे काय झालं ते तुमच्या आईला विचारा. रायगड आणि उत्तर रत्नागिरीने त्याआधी जून २०२० मध्ये निसर्ग वादळात तेच भोगलं. म्हणून कुडाळ किंवा कणकवली बाजारात जनरेटर असलेली एखादी जागा हेरून ठेवा, ओळखीच्या सीएचं ऑफिससुद्धा चालेल. मी ज्या माणसांना ‘लाइट गेली तर काय कराल’ विचारते, त्यांतला जो अशा जागेचं नाव घेतो त्याच्याबद्दल मला पुढे काही विचारावं लागत नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एकच. बारावी झालेल्या मुलांना ‘घरबसल्या डेटा एंट्री, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे मेसेज येतात. नोकरी देणारा पैसे मागत नाही, लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणूनही नाही. मागितले की नंबर ब्लॉक करा.

तुमच्यासाठी आता करायचं काम साधं आहे. मॅनेजरशी बोलण्याआधी जुलैत दोन आठवडे गावातून काम करून बघा, ऑफिसचे तेवढे दिवस आधी-नंतर भरून द्या. रोज किती वेळा लाइट गेली, किती कॉल तुटले, हे वहीत लिहा. दोन आठवड्यांत दोनदाच अडलं असं तारखेनिशी दाखवलंत तर मॅनेजरला नाही म्हणायला जड जाईल. दहादा अडलं तर तेही आत्ताच कळलेलं बरं. आणि ही परीक्षा गणपतीत घेऊ नका. अख्खी मुंबई वाडीत उतरलेली असते, एका टॉवरवर सगळे चाकरमानी आपापल्या आरतीचे व्हिडिओ पाठवत असतात. त्या दिवसांत माझासुद्धा कॉल लागत नाही, मी सरळ रजा टाकते.